पित्त नव्हे, विरळ हवा!

मैत्रिणींनो, अक्षय्य तृतीया जवळ आली की गावोगावच्या भजनी मंडळांत चारधामची बोलणी सुरू होतात. स्वेटर, कानटोपी, चिवडा-लाडवांचे डबे, सगळ्याची यादी होते. त्या यादीत एक गोष्ट मात्र कधीच नसते, ती म्हणजे हवेचा दाब!

हवेला कसला आलाय दाब, असं वाटेल. पण हवेलाही वजन असतं. समुद्रकाठी बोटाच्या नखाएवढ्या जागेवर साधारण एक किलोचा भार असतो. शरीराच्या आतूनही तेवढाच दाब असतो, म्हणून तो जाणवत नाही. घरातली गोधड्यांची चळत आठवा. सगळ्यांत खालची गोधडी वरच्यांच्या भाराने चेपून घट्ट होते, वरची मात्र सैल, फुगलेली. हवेचंही तसंच. खाली दाट आणि वर जावं तसतशी विरळ.

याचा पुरावा चुलीवरच मिळतो. आपल्याकडे पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं. केदारनाथला, सुमारे ३,५८० मीटर उंचीवर, ते ८८ अंशांवरच उकळायला लागतं. पाणी खळखळतं, पण डाळ काही लवकर शिजत नाही. तिथे कुकर हवाच, कारण तो वाफ कोंडून आतला दाब वाढवतो.

डाळीला कुकर आहे, आपल्याला नाही! केदारनाथला हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश. हवेत प्राणवायू तिथेही शेकडा २१ च असतो, पण हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला काही दिवस लागतात. गौरीकुंड आहे साधारण २,००० मीटरवर. तिथून एका दिवसात दीड हजार मीटर वर चढायचं! हेलिकॉप्टरने गेलं तर पाय वाचतात, पण शरीराला तेवढाही वेळ मिळत नाही.

मग डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. आणि आपण बायका काय करतो? 'पित्त झालंय' म्हणून गोळी घेतो आणि 'माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको' म्हणून गप्प चालत राहतो. त्यात उपास. शिवाय वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीही कमी पितो.

असं करू नका. वाटेत एखादा मुक्काम जास्त ठेवा. झोपेची गोळी टाळा. बीपी, दमा, हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. डोकं दुखू लागलं की बरोबरच्या बाईला लगेच सांगा, आणि बरं वाटेपर्यंत आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, कुणी असंबद्ध बोलू लागलं, तर दर्शन तासाभरावर असलं तरी मदत मागून ताबडतोब खाली उतरा. खाली दाट हवा मिळते, तेच त्यावरचं पहिलं औषध.

धाप लागली म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही गं! देव पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. आपण धडधाकट घरी परतलो, तर पुन्हा जाता येईल.