अंगाला हात लावण्याआधी

नव्या बैलाच्या मानेवर जू ठेवायचे असले तर शहाणा शेतकरी आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. बैल तर मुके जनावर. माणूस बोलता-चालता आहे. मग त्याला न विचारता त्याच्या दुखऱ्या अंगाला हात कसा लावावा? या धड्यात तेच पाहायचे आहे.

भौतिकोपचार म्हणजे काय?

कोणाला लकवा होतो. कोणाचे हाड मोडते आणि प्लास्टर निघाल्यावर पाहावे तो सांधा आखडलेला. नुसत्या गोळीने तो सैल होत नाही. त्याला रोज थोडा थोडा हलवावा लागतो. व्यायाम, शेक आणि चालण्याचा सराव यांनी जे उपचार करतात, त्यांना भौतिकोपचार म्हणतात. दवाखान्यात त्यालाच फिजिओथेरपी म्हणतात.

हे काम दोघे मिळून करतात. एक तज्ज्ञ, म्हणजे ही विद्या कॉलेजात शिकलेला माणूस. कोणता व्यायाम, किती वेळा, किती जोराने, हे तो ठरवतो. दुसरा मदतनीस. तो रोग्याला उठवतो, धरून चालवतो, सांगितलेला व्यायाम रोज करून घेतो. घरी हेच काम मुलगा, सून किंवा पगारी माणूस करतो. म्हणून हा धडा मदतनिसासाठी आहे, तसाच रोग्यासाठीही आहे.

पहिली गोष्ट : विचारावे

समजा, एका आजींचा उजवा हात लकव्याने लुळा पडला आहे. मदतनीस आला, काही बोलला नाही, हात धरला आणि वर ओढला. काय होईल? लुळ्या खांद्याचे स्नायू सैल असतात. ओढल्याने सांधा जागचा सरकतो. मग ते दुखणे महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. शिवाय आजींच्या मनात भीती बसते ती निराळीच.

आता दुसरा मदतनीस पाहा. तो समोर बसतो आणि म्हणतो, “आजी, राम राम. मी फिजिओबाईंचा मदतनीस. तुमचा हात आज खांद्यापर्यंत उचलायचा आहे. खालून आधार देतो. जरा ताणल्यासारखं वाटेल. दुखलं तर ‘थांब’ म्हणा, मी लगेच थांबेन. करू का सुरू?”

याला अर्धा मिनिटही लागत नाही. पण त्यात सगळे आले. आपण कोण, काय करणार, काय वाटेल, हे सांगितले. थांबवण्याचा हक्क दिला आणि शेवटी परवानगी मागितली. ‘हो’ म्हटलेल्या माणसाला मधेच ‘नको’ म्हणता येते, हेही ध्यानात ठेवा.

लकव्याने काहींची वाचा जाते, पण त्यांना समजत असते. अशा माणसाच्या कानात ओरडू नका, तो बहिरा नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर लागेल असा प्रश्न विचारा. मान हलेपर्यंत थांबा. त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखे बोलू नका.

दुसरी गोष्ट : खरे सांगावे

आपली माणसे भिडेने म्हणतात, “बरं आहे, साहेब.” आणि घरी येऊन कण्हत बसतात. तसे करू नये. आपल्याकडे विचारतात, “फरक किती?” आणि रोगी सांगतो, “आठ आणे.” हे उत्तर चांगले आहे. आठ आणे म्हणजे निम्मा फरक. दुखणेही असेच मोजून सांगा. व्यायाम घरी केला नसेल तर ‘केला’ म्हणू नका. तुम्ही खोटे सांगितले तर तज्ज्ञाचा हिशेब चुकतो, आणि तो तुमच्याच अंगावर येतो.

मदतनिसानेही खरेच बोलावे. “महिन्यात पळायला लागाल,” असे आश्वासन देऊ नये. “रोज सराव केला तर हळूहळू फायदा होतो. किती होईल ते बाई तपासून सांगतील,” एवढे म्हणावे.

तिसरी गोष्ट : आपली पायरी ओळखावी

गवंडी भिंत उत्तम बांधतो, पण नकाशा आपल्या मनाने बदलत नाही. मदतनिसाचे तसेच आहे. अमेरिकेत अशा मदतनिसांसाठी साधारण दोन वर्षांचे शिक्षण आणि परीक्षा असते. तरीही रोगाचे निदान करणे किंवा उपचार कोणते ते ठरवणे, हे काम तेथेही तज्ज्ञाचेच. आपल्याकडेही हीच रीत बरी. रोग्याला छातीत दुखले, चक्कर आली, पोटरी एकाएकी सुजली, तर व्यायाम तिथेच थांबवावा आणि ताबडतोब कळवावे.

चौथी गोष्ट : लाज राखावी

उपचारापुरतेच अंग उघडे करावे, बाकीचे झाकावे. पुरुष तपासणार असेल तर बाईमाणसाने “माझ्यासोबत एक बाई हवी,” असे सांगावे. त्यात संकोच कसला? आणि रोग्याची हकीकत चावडीवर सांगू नये. खाटेवरची गोष्ट खाटेपाशीच ठेवावी.

कायदा काय सांगतो?

कोणी म्हणेल, “मास्तर, हे सगळं चांगुलपणाचं झालं.” तसे नाही. यामागे कायदा उभा आहे.

दिल्लीत एका बाईंना तपासणीसाठी भूल दिली होती. त्या शुद्धीवर नसताना डॉक्टरांनी त्यांच्या आईची संमती घेतली आणि बाईंचे गर्भाशय काढले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ जानेवारी २००८ रोजी निकाल लागला. जाणत्या, सज्ञान माणसाची संमती त्याची स्वतःचीच हवी. आईनेही ती देऊन चालत नाही. एका कामाला दिलेली संमती दुसऱ्या कामाला लागू होत नाही. जीव धोक्यात असेल आणि थांबायला वेळ नसेल, तरच गोष्ट वेगळी. डॉक्टरांना २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली.

पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, असे त्याच न्यायालयाने १९९५ साली ठरवले आहे. उपचारात हयगय झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ती दोन वर्षांच्या आत करावी. म्हणून पावती आणि कागद जपून ठेवा.

महाराष्ट्रात २०२१ साली खाजगी रुग्णालयांसाठी नवे नियम आले. रुग्णांचे हक्क आणि उपचारांचे दर रुग्णालयाने लोकांना दिसतील असे लावावेत, असे त्यांत सांगितले आहे. दवाखान्यात गेलात की तो फलक शोधा आणि वाचा.

अंगठा आणि सही

पूर्वी दवाखान्यात कागद पुढे येई. “इथे अंगठा करा,” असे कोणी म्हणे आणि आपण करत असू. कागदात काय आहे, ते विचारायचीही चोरी. आता तुम्हांला अक्षर ओळखता येते. मग कागद हातात घ्या. सावकाश वाचा. अडले तर “हे वाचून समजावून सांगा,” असे म्हणा. इंग्रजीत असेल तर “मराठीत सांगा,” म्हणा. समजल्यावरच सही करा.

उपचाराआधी एवढे पाच प्रश्न विचारायचे :

१. तुम्ही कोण, आणि तुमचे काम काय?
२. आज काय करणार?
३. त्याने फायदा काय, आणि धोका काय?
४. हे केले नाही तर काय होईल? दुसरा मार्ग आहे का?
५. खर्च किती?

हे प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. चांगला मदतनीस त्यांची उत्तरे आनंदाने देतो. शरीर तुमचे आहे. त्याला कोणी, कसा हात लावावा, हे सांगण्याचा पहिला अधिकारही तुमचाच आहे.