चकमकीच्या युद्धक्रीडेचे नियम आणि खेळाडूंची मते : 'फ्रॉस्टग्रेव्ह'च्या संदर्भात

प्रस्तावना :

मेजावर लघुप्रतिमा मांडून युद्धाचा खेळ खेळण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 'क्रीगश्पील' हा खेळ वापरला जात असे. इ. स. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिट्ल वॉर्स' हे पुस्तक लिहून हा प्रकार घरगुती करमणुकीच्या कक्षेत आणला. पुढे त्याच्या दोन शाखा ठळक झाल्या. एका शाखेत संपूर्ण सैन्याची लढाई असते, तर दुसरीत प्रत्येक बाजूकडे मोजकीच माणसे असून प्रत्येक प्रतिमा ही एक स्वतंत्र व्यक्ती मानली जाते. या दुसऱ्या शाखेला चकमकीची युद्धक्रीडा म्हणता येईल.

जोसेफ ए. मॅक्‌कलो यांनी रचलेला आणि ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला 'फ्रॉस्टग्रेव्ह' हा नियमसंच या शाखेतील एक लोकप्रिय उदाहरण होय. त्याच्याविषयी खेळाडूंमध्ये दोन परस्परविरोधी मते आढळतात. या मतभेदाचे स्वरूप व कारण स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळाचे स्वरूप :

हजार वर्षे बर्फाखाली गाडले गेलेले फेलस्टाड हे काल्पनिक नगर आता वितळू लागले असून तेथील जादूची संपत्ती मिळविण्यासाठी जादूगारांच्या टोळ्या आपसांत झुंजतात, अशी या खेळाची कथाभूमी आहे. प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार, त्याचा शिष्य आणि भाडोत्री सैनिक असतात. टोळीची एकूण संख्या दहाच्या आतबाहेर राहते. जादूचे दहा संप्रदाय आणि ऐंशी मंत्र आहेत. एक डाव संपला म्हणजे खेळ संपत नाही. मिळालेला खजिना, अनुभव आणि झालेली हानी पुढील डावात बरोबर येते. अशा डावांच्या मालिकेस मोहीम म्हणतात.

युद्धाचा निर्णय वीस बाजूंच्या फाशाने होतो. दोघेही फासा टाकतात व आपापला लढाईचा गुण त्यात मिळवितात. ज्याची बेरीज अधिक, तो जिंकतो. त्याच्या बेरजेतून प्रतिस्पर्ध्याच्या चिलखताचा अंक वजा केला की उरते ती इजा. बेरीज समान आल्यास दोघांनाही वार लागतो.

आक्षेपाची बाजू :

या नियमावरील मुख्य आक्षेप असा की, येथे दैवाला अवास्तव महत्त्व मिळते. हा आक्षेप गणिताने तपासता येतो. नाइट या कसलेल्या योद्ध्याचा लढाईचा गुण ४ आहे, तर सामान्य गुंडाचा २. या दोन गुणांच्या फरकाने नाइटची जिंकण्याची शक्यता ५७.२५ टक्के व हरण्याची ३८.२५ टक्के येते. हीच लढत सहा बाजूंच्या फाशाने खेळली असती, तर त्याच फरकाने नाइट सुमारे ७२ टक्के वेळा जिंकला असता व सुमारे १७ टक्के वेळाच हरला असता. म्हणजे फासा जितका मोठा, तितके नैपुण्याच्या गुणाचे वजन कमी. यास्तव कौशल्याची कसोटी म्हणून खेळणाऱ्यांची तक्रार निराधार म्हणता येत नाही.

समर्थनाची बाजू :

तथापि एका वाराचा निकाल म्हणजे लढाईचा निकाल नव्हे. नाइटचे चिलखत १३ व प्राणशक्ती १२ आहे. गुंडास २० चे दान पडले तरी त्याची बेरीज २२ होते आणि इजा केवळ ९. म्हणजे मूळ नियमांनुसार धडधाकट नाइट गुंडाच्या एका वाराने पडूच शकत नाही. उलट गुंडाचे चिलखत व प्राणशक्ती प्रत्येकी १० असल्याने, नाइटने १६ वा अधिक दान घेऊन लढत जिंकली की गुंड तेथेच संपतो.

शिवाय दैवाला आवर घालण्याची साधने खेळाडूच्या हाती आहेत. त्याच शत्रूशी भिडलेल्या प्रत्येक साथीदारामागे लढाईच्या गुणात २ ची भर पडते. दोन गुंडांनी मिळून नाइटला गाठले की गुणांचा फरकच नाहीसा होतो. मंत्र थोडक्यात फसत असेल तर जादूगार आपली प्राणशक्ती खर्चून दान वाढवू शकतो. जादूगारापासून तीन इंचांच्या आत असलेले तीन सैनिकच त्याच्याबरोबर आधी हलू शकतात. म्हणून कोणाला कोठे उभे करावे, हा विचार डावाच्या आरंभापासून करावा लागतो. थोडक्यात, येथे कौशल्याची जागा तलवारीच्या वारात नसून वार होण्यापूर्वीच्या मांडणीत आहे. सारीपाटात दान दैवाचे असते, पण सोंगटी कोणती हलवायची हे खेळाडू ठरवितो, त्यासारखेच हे आहे.

मतभेदाचे मूळ :

असे असता मतभेद का उरतो? याचे कारण फाशात नसून खेळाकडून असलेल्या अपेक्षेत आहे. एका डावाकडे स्पर्धा म्हणून पाहणाऱ्यास अनपेक्षित पराभव हा अन्याय वाटतो. मोहीम खेळणाऱ्यास तोच पराभव पुढील कथेचे बीज वाटतो. डावात पडलेल्या सैनिकासाठी शेवटी पुन्हा फासा टाकला जातो. १ ते ४ आल्यास तो मरतो, ५ ते ८ आल्यास जबर जखमी होतो, अन्यथा पूर्ण बरा होतो. पाचांपैकी एक मरण, हे प्रमाण टोळीचा इतिहास घडविण्यास पुरेसे आहे, तिचा नाश करण्यास नव्हे.

मोहिमेच्या दृष्टीनेही एक दोष मात्र खरा होता. पहिल्या आवृत्तीत सैनिकांच्या प्रकारावर मर्यादा नसल्याने जिंकणारी टोळी धनाच्या बळावर उत्तम योद्ध्यांनीच भरत असे व मागे पडलेला खेळाडू मागेच राही. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत आठ सैनिकांपैकी विशेष दर्जाचे चारच असावेत, असे बंधन आले. लक्षणीय बाब अशी की, वीस बाजूंचा फासा मात्र तसाच राहिला.

निष्कर्ष :

'नियम वाईट आहे' हे विधान अपुरे असते. तो कोणत्या हेतूसाठी वाईट आहे, हे सांगावे लागते. 'फ्रॉस्टग्रेव्ह'चा फासा स्पर्धेसाठी सदोष व कथेसाठी उपकारक आहे, आणि ही दोन्ही मते एकाच वेळी सत्य असू शकतात. मात्र धनसंचयाचा दोष दोन्ही हेतूंना बाधक होता, म्हणून त्याची दुरुस्ती आवश्यक ठरली. कोणत्याही नियमव्यवस्थेविषयीच्या तक्रारींचा विचार करताना, अपेक्षाभेदातून उद्भवलेली तक्रार आणि रचनेतील दोषावर बोट ठेवणारी तक्रार यांत फरक करणे गरजेचे आहे. एरवी जे दुरुस्त करावयाचे ते तसेच राहते आणि जे खेळाचा प्राण आहे तेच काढून टाकले जाते.