अवघड क्षणी मित्रांमध्ये हसू का फुटतं?

अवघड प्रसंगी फुटणारं हसू ही विनोदाला दिलेली दाद नसते. तो बहुतेकदा ताण सुटण्याचा मार्ग असतो. वाशीम असो की कारंजा लाड, कीर्तनात सगळे तल्लीन असताना मागून कोणाचं घोरणं ऐकू आलं, की दोघा दोस्तांची नजरानजर होते आणि संपलंच! खरं, अनावर हसू मेंदूच्या खोलवरच्या भागातून उमटतं. त्यामुळे इच्छाशक्ती तिथे तोकडी पडते.

मानसशास्त्रज्ञ स्टॅनले मिलग्रॅम यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दुसऱ्याला विजेचे झटके देत असल्याच्या समजुतीने ४० पैकी १४ जण अस्वस्थपणे हसले. त्यांना मजा मुळीच येत नव्हती, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

यात मित्रांची भूमिकाही मोठी आहे. हास्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोवाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट सोबतीत हसतो. हसू संसर्गासारखं पसरतं. एकाचं दबलेलं हसू दुसऱ्याला पेटवतं. शिवाय जिवलगांमध्ये फजितीची भीती कमी असते, म्हणून मनाचा लगामही सैल पडतो. अशा वेळी मित्राकडे न पाहणं, हा बऱ्यापैकी लागू पडणारा उपाय.