विष्णू नावाची माणसं

चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. आजीची गाण्याची वही समोर ठेवून मी पेटीवर भूप वाजवायला बसलो होतो. वही निळ्या शाईतली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. 'सा'च्या पुढच्या 'ध'वर टिंब होतं. टिंब डोक्यावर असेल तर स्वर तार सप्तकातला, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं, म्हणून मी बोट पार उजवीकडे नेलं. स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "अरे खाली, खाली! तो मंद्रातला धैवत आहे." मी म्हटलं, "आजी, टिंब वर आहे गं." ती हात पुसत बाहेर आली, वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे पलुसकरांचं टिंब. तुला शिकवलंय ते भातखंड्यांचं. दोघंही विष्णूच, पण टिंबं वेगळी."

त्या दिवसापासून मी विष्णू जमवतो आहे. चाळीसेक वर्षं झाली. रस्त्यावरची पाटी, पुतळ्याखालची अक्षरं, जुन्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, जिथे विष्णू दिसेल तिथे थांबायचं आणि घरी येऊन टिपून ठेवायचं. महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात हे नाव इतक्या वेळा येतं की नुसत्या विष्णूंना धरून सगळा काळ चालून जाता येईल.

नावाविषयी थोडक्यात. विष्णू म्हणजे सगळीकडे व्यापून राहिलेला, हा अर्थ परंपरेनं धरलेला. महाभारताच्या अनुशासनपर्वात त्याची हजार नावं आहेत, आणि संध्येच्या चोवीस नावांत केशव, नारायण, माधव, गोविंद यांच्यामागून पाचवं नाव येतं ते विष्णू. नावाच्या पुढे-मागे घरातल्या देवांचीच नावं लागतात, म्हणून विष्णूचे वडील नारायण किंवा कृष्ण असणं हे नेहमीचंच.

मला खरी गंमत वाटते ती शेपटाची. एकाच नावाची एवढी माणसं असल्यावर ओळखायचं कसं? मराठी माणसानं नावाला धंदा जोडला. शास्त्र शिकलेला तो विष्णुशास्त्री, पूजापाठ करणारा विष्णुभट, कीर्तन-प्रवचन करणारा विष्णुबुवा, कारभार किंवा कंपनी सांभाळणारा विष्णुपंत, आणि देवाची आख्यानं लावणारा विष्णुदास. तेवढ्यानंही भागलं नाही तर बापाचं नाव. म्हणून गाण्यातली माणसं आजही 'विष्णु दिगंबर' म्हणतात आणि आडनाव घ्यायची गरज त्यांना वाटत नाही.

शास्त्री दोन, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. विष्णु परशुरामशास्त्री पंडित विधवांच्या पुनर्विवाहासाठी झगडले. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर झालेल्या वादात ते सुधारकांच्या बाजूनं उभे होते, आणि पुढे स्वतः विधवेशी लग्न करून त्यांनी बोलणं आचरणात आणलं. विष्णुशास्त्री चिपळूणकर वयानं तेवीस वर्षांनी लहान. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करून त्यांनी त्याच सुधारकांवर लेखणी उगारली. न्यू इंग्लिश स्कूल, चित्रशाळा, केसरी, हे सगळं उभं करून १८८२ मध्ये, वयाची बत्तिशीही पुरी व्हायच्या आत ते गेले. मराठी गद्याला त्यांनी जो ताठा दिला तो मला अजून भुरळ घालतो, पण माणूस म्हणून मी पंडितांच्या पायाशी बसेन.

विष्णुबुवा ब्रह्मचारी मूळचे विष्णु भिकाजी गोखले. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी ते मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. त्याच बुवांनी १८६७ मध्ये 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. जमीन सगळ्यांची, धान्य एका कोठारात, ज्याला हवं तेवढं त्यानं न्यावं, असं त्यात मांडलं आहे. मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथाचा पहिला खंड निघाला तोही त्याच वर्षी. माणगावकडचा एक बुवा आणि लंडनमधला तो जर्मन, एकमेकांच्या गावीही नाहीत! वरसईचे विष्णुभट गोडसे तर दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेला निघाले आणि १८५७च्या धुमश्चक्रीत झाशीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' ज्यानं वाचला नसेल त्यानं या सुट्टीत वाचावा.

आता एक गोष्ट, जी मला कळली तेव्हा मी रात्री उठून बायकोला सांगितली होती. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ वि. स. खांडेकरांचं, १९७४चं, 'ययाति'साठी. दुसरं वि. वा. शिरवाडकरांचं, १९८७चं. दोघेही विष्णू. पण जन्मतः एकही विष्णू नाही! खांडेकर सांगलीत जन्मले तेव्हा त्यांचं नाव गणेश आत्माराम. चुलत्यांना दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. शिरवाडकर जन्मले तेव्हा गजानन रंगनाथ. तेही दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. दोन गणपती दत्तकविधानातून विष्णू झाले आणि मराठीला दोन ज्ञानपीठं मिळाली. तिसरं ज्ञानपीठ विंदा करंदीकरांचं. त्यांचं नाव गोविंद, म्हणजे तेही त्या चोवीस नावांतलंच.

माझा जीव मात्र गुंतला आहे तो कृष्णाकाठी. सांगली, मिरज, कुरुंदवाड, नरसोबाची वाडी या पट्ट्यात मी पाच वेळा तरी गेलो असेन. पटवर्धनांची ही संस्थानं एवढीशी, पण गुणी माणसाला घास घालणारी. सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिला आणि आपल्याकडे असं काही करा, असं पदरी असलेल्या विष्णु अमृत भावे या तरुणाला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. तोच आज मराठी रंगभूमी दिन. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात त्या दिवशी विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. भाव्यांचे हात मूळचे लाकूड कोरणाऱ्याचे. त्यांनी केलेल्या कळसूत्री बाहुल्या पुढे रामदास पाध्यांनी पुन्हा हलत्या केल्या. नाटककार म्हणून त्यांचं नाव घेताना या बाहुल्या आपण विसरतो, याचं मला वाईट वाटतं. अवयव कसे जोडले की ते जिवंत वाटतील, ही जाण त्यांना लाकडातून आली असेल आणि रंगमंचावर कामी पडली असेल, असं मला वाटतं.

सांगलीहून एसटीनं कुरुंदवाडला जाताना वाडीला उतरायचं, दत्ताचं दर्शन घ्यायचं, कवठाची बर्फी घ्यायची, हा माझा ठरलेला क्रम. कुरुंदवाड संस्थानाशी जोडलेले विष्णुपंत छत्रे हे माझे लाडके विष्णू. त्यांना दोन वेडं, घोडा आणि गाणं. दोन्हींसाठी ते ग्वाल्हेरला जाऊन राहिले. घोडा शिकवायला एक गुरू, गाण्याला हद्दूखाँ. १८८०च्या सुमारास मुंबईत इटालियन चिआरिनीची सर्कस आली होती. अशी सर्कस हिंदुस्थानी माणसाला जमायची नाही, असं बोलणं झालं आणि छत्र्यांनी ते मनावर घेतलं, असं सांगतात. त्यांनी उभी केलेली ग्रँड इंडियन सर्कस ही आपल्याकडची पहिली. खेळ घेऊन ते थेट तलश्शेरीपर्यंत गेले. तिथे कीलेरी कुन्हीकण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांची गाठ पडली, आणि केरळच्या सर्कसपरंपरेचं मूळ या भेटीत सापडतं.

पण त्यांचं मोठं काम तंबूच्या बाहेर आहे. गुरू हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ काशीला अफूच्या नादात, अंगावर धड कपडा नाही अशा अवस्थेत फिरत होते. छत्र्यांनी त्यांना हुडकून काढलं, बरोबर आणलं आणि जन्मभर सांभाळलं. सर्कशीच्या मुक्कामाबरोबर खाँसाहेबही हिंडत. हत्ती, घोडे, वाघ यांच्या त्या लवाजम्यात 'भूगंधर्व' म्हणून गाजलेला हा आवाज लोकांनी ऐकला. अब्दुल करीमखाँच्या गायकीवर त्याची छाप पडली हे जाणकार मानतात. म्हणजे किराणा घराण्याच्या त्या आर्त स्वरांच्या मागे कुठेतरी एका सर्कसवाल्याची गुरुभक्ती उभी आहे. छत्रे १९०५ मध्ये वारले. त्यांच्या माघारीही खाँसाहेब कुरुंदवाडलाच राहिले आणि १९२२ मध्ये तिथेच देह ठेवला.

याच कुरुंदवाडला १८ ऑगस्ट १८७२ रोजी कीर्तनकार दिगंबरबुवांच्या घरी मुलगा झाला. तोच आजीचा विष्णू, विष्णु दिगंबर पलुसकर. लहानपणी उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे अधू झाले. अक्षरं दिसेनात, तेव्हा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. १८९६ मध्ये मिरज सोडून ते निघाले, ते ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढूनच थांबले. गाणं म्हणजे वाईट वस्तीतली गोष्ट असं मानणाऱ्या घरांतल्या मुलामुलींना त्यांनी फी घेऊन, वर्ग लावून गाणं शिकवलं. ज्यांना नीट वाचता येत नव्हतं त्यांनी छापखाना घातला आणि स्वरलिपीची पुस्तकं छापली, हे मला कितीदा आठवलं तरी गहिवरून येतं. १९२३ मध्ये काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अलींनी आक्षेप घेतला, तरी 'वंदे मातरम्' त्यांनी पुरं म्हटलं. मुंबईतली विद्यालयाची स्वतःची इमारत कर्जापायी गेली. शेवटची वर्षं नाशिकला रामनामात काढली आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला ते गेले. ओंकारनाथ, विनायकबुवा, नारायणराव व्यास, देवधर, एवढे शिष्य मागे ठेवले.

दुसरा विष्णू वाळकेश्वरचा. विष्णु नारायण भातखंडे १० ऑगस्ट १८६०चे, गोकुळाष्टमीचा जन्म. शिक्षणानं वकील. पत्नी आणि मुलगी दोघी गेल्यावर वकिली आवरून ते गाण्याच्या मागे लागले. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले, व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची मांडणी अभ्यासली, आणि परतून आपल्या रागांसाठी दहा थाट लावले. उस्तादांकडून चिजा मिळवणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. तरी त्यांनी शेकडो चिजा मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत सगळ्यांपुढे ठेवल्या. संस्कृत ग्रंथांवर स्वतःचं नाव न घालता 'चतुर पंडित' किंवा 'विष्णुशर्मा' म्हणून लिहिलं. राजपुत्रांना गोष्टींतून शहाणं करणारा पंचतंत्राचा विष्णुशर्मा इथे आठवतोच, कारण भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'ही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतूनच उलगडते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले, ती गणेशचतुर्थी.

आता टिंबांकडे येतो. भातखंड्यांच्या लिपीत मंद्र स्वराला टिंब खाली, तार स्वराला वर. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तालातल्या समेला गुणिलेची फुली, खालीला शून्य. पलुसकरांकडे मंद्राला टिंब वर, तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. कोमल स्वराचा पाय हलन्तासारखा मोडलेला. समेला एकचा आकडा, खालीला अधिकचं चिन्ह. शिवाय स्वर एक मात्रेचा की अर्ध्या मात्रेचा, हे सांगायला पलुसकर प्रत्येक स्वराखाली वेगळं चिन्ह देतात. भातखंडे एका मात्रेत बसणारे स्वर खालून कंसानं बांधून टाकतात. पलुसकरांची लिपी जास्त बारकाईची आहे असं माझं मत, पण ती हातानं उतरवताना जीव जातो. भातखंड्यांची लिपी गाता गाता लिहिता येते, म्हणून घरोघरी तीच राहिली. परीक्षेला आजही दोन्ही शिकाव्या लागतात, आणि मुलं त्या टिंबापाशी अडखळतात.

एक आडवळण घेतल्याशिवाय राहवत नाही. भातखंडे गेले त्याच वर्षी 'प्रभात'चा 'संत तुकाराम' पडद्यावर आला. तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. फत्तेलालांबरोबर दिग्दर्शन करणारे दामले, तेही विष्णुपंत. दोघांचा जन्म १८९२चा. पुढच्या वर्षी हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. विठ्ठलाला हाका मारणारा विष्णू आणि त्या हाका टिपणारा विष्णू, हे मनात आलं की मी तो चित्रपट पुन्हा लावतो.

आणि लाहोर. जिथे विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये विद्यालय काढलं, त्याच शहराच्या तुरुंगात १६ नोव्हेंबर १९१५ रोजी विष्णु गणेश पिंगळे फासावर गेले. तळेगाव ढमढेऱ्याचा हा मुलगा अमेरिकेत शिकायला गेला होता, गदर चळवळीत शिरला, आणि कर्तारसिंग सराभाबरोबर एकाच दिवशी त्यानं प्राण दिले.

आजी गेल्याला बरीच वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात वाळत घालताना पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत गेलो. तोच भूप तिथे पुन्हा उतरवलेला आहे. अक्षर तेच, पण शाई काळी, आणि धैवताचं टिंब खाली. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात तिनं लिहिलंय, 'बाळसाठी'. घरात मला बाळच म्हणत. पेटी उघडली, भाता हलवला आणि दोन्ही पानं आळीपाळीनं समोर ठेवून वाजवली. धैवत दोन्ही वेळा डावीकडेच लागला.