तेव्हा बाई गेली, आता बाई उरली

साथ असो की युद्ध, मेलेल्यांचे आकडे छापून येतात. मागे राहिलेल्यांचा हिशेब मात्र घरातल्या बाईलाच मांडावा लागतो. तो मांडायला लागणारे कागद तिच्या हाताशी असतात का?

जगावर संकट आलं असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नकाशा येतो. कुठला तरी देश, कुठली तरी सरहद्द, टीव्हीच्या पडद्याखालून पळणारे आकडे. आपल्या तालुक्याचा, आपल्या गल्लीचा त्यात काय संबंध, असं वाटतं. पण जगाचं संकट मुक्कामाला येतं ते घरातच. कुणाच्या भिंतीवर एक फोटो वाढतो, कुणाच्या दारात वसुलीवाला उभा राहतो, कुणाची नववीतली मुलगी शाळा सोडून घरी बसते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरातली आणीबाणी कुठल्या तारखेला संपली, हे कोण जाहीर करणार?

उशाशी बसणारी

शंभर वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. १९१८ साल. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं आणि युद्धावरून परतणाऱ्या शिपायांची जहाजं मुंबई बंदराला लागत होती. जून महिन्यात गोदीवर बंदोबस्ताला असलेले सात पोलीस शिपाई तापाने फणफणले आणि इस्पितळात दाखल झाले. बघता बघता इन्फ्लुएन्झाची साथ शहरभर पसरली आणि आगगाडीने गावोगाव पोचली. पावसाळ्यानंतर दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं दगावली. देशभरातल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत सांगितले जातात. आपल्या जनगणनेच्या इतिहासात १९११ ते १९२१ हे एकच दशक असं, की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

या साथीत आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. असं का झालं असेल, हे कुठल्याही गृहिणीला वेगळं सांगायला नको. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या अंगात ताकद ती किती असणार? वारा न खेळणारी खोली, चुलीचा धूर. आणि घरात कुणी आजारी पडलं की उशाशी बसायचं ते बाईनेच. पेज भरवायची, ओकारी काढायची, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. ती स्वतः आडवी पडली की तिच्या उशाला बसायला कुणी उरलेलं नसे. त्यातून ही साथ जास्त घाला घालत होती तो ऐन उमेदीतल्या, वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर. म्हणजे तान्ह्या पोरांच्या आयांवर.

त्याआधी एकवीस वर्षांपूर्वी, १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची अशीच शुश्रूषा केली. त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सावित्रीबाईंचं नाव इतिहासात राहिलं. आपापल्या घरात दुसऱ्यांची सेवा करता करता गेलेल्या लाखो बायकांची नावं कुठेच नाहीत.

रणांगणाच्या मागे

साथीचं हे, तर युद्धाचं काय? सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. एकूण ७४ हजारांच्या आसपास हिंदी सैनिक त्या युद्धात मेले. जिथे मेले त्या गावांची नावंसुद्धा घरच्यांना धड उच्चारता येत नसतील. त्यांच्या मागे किती बायकांनी दुसऱ्याच्या बांधावर राबून पोरं वाढवली, याचा स्तंभ मात्र कुणी उभारला नाही.

आणि हे फक्त इंग्रजांच्या काळातलं दुखणं आहे असंही समजू नका. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या पत्नीला पदकासोबत दरमहा भत्ता मिळतो. तिने दुसरं लग्न केलं, तर हा भत्ता बंद होत असे. अपवाद एकच, तिने दिराशी लग्न केलं तर! भत्ता तिचा, पण तो चालू ठेवायचा तर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असाच त्याचा अर्थ. संरक्षण मंत्रालयाने ही अट काढून टाकली ती थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये.

आणि मग कोरोना

१९१८ मध्ये बाई जास्त गेली. कोरोनात उलटं घडलं. ऑक्टोबर २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार तोवर देशात दगावलेल्यांपैकी ७० टक्के पुरुष होते आणि जवळजवळ निम्मे साठीच्या आतले. पुढे एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट आली आणि तरणीताठी माणसं आठ-आठ दिवसांत गेली. महाराष्ट्रात कोरोनाने झालेल्या मृत्यूंची सरकारी नोंद सुमारे १ लाख ४८ हजार, सगळ्या राज्यांत जास्त. प्रत्यक्ष बळी नोंदीपेक्षा खूप जास्त असावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटलं. भारत सरकारने तो हिशेब मान्य केला नाही. वाद आकड्यांचा होता. पण आकडा कुठलाही धरा, त्यातल्या कितीतरी एककांच्या मागे एक बाई उभी आहे, तिशी-चाळिशीतली, पदरात दोन पोरं असलेली.

तिचं दुःखही वेगळं होतं. तिला नवऱ्याचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह परस्पर स्मशानात गेला. गळ्यात पडून रडायला माहेरचं कुणी येऊ शकलं नाही, कारण जिल्ह्याच्या सीमाच बंद होत्या. कित्येकजणी तर त्याच वेळी स्वतः दवाखान्यात होत्या. घरी आल्यावर त्यांना कळलं, की कुंकू पुसलं गेलं आहे.

त्यानंतर सुरू झाली दुसरी लढाई, कागदांची. तोवर व्यवहार सगळे ‘हे’ बघायचे. खातं कुठल्या बँकेत, ठेव किती, सोसायटीचं कर्ज किती, उधारी कुणाला दिली, कुणाकडून घेतली, काही ठाऊक नाही. मोबाईलला पासवर्ड, एटीएमचा पिन त्यांच्या डोक्यात. दवाखान्याच्या बिलासाठी घेतलेलं कर्ज मात्र हिच्या नावाने वसूल व्हायला लागलं. घर सासऱ्यांच्या नावावर, शेत एकत्र. जिथे ‘तुझा आता इथे काय संबंध’ असं तोंडावर विचारलं गेलं, तिथे तिच्याकडे दाखवायला एक चिठोरंही नव्हतं.

मदत होती, पण...

मदत आलीच नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. आईवडील दोघंही गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू झालं आणि तालुका पातळीवर समित्या नेमल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक मृताच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचा मार्ग मोकळा झाला. मृत्यूच्या दाखल्यावर ‘कोरोना’ हा शब्द नाही एवढ्याच कारणावरून कुणाला नाकारू नका, असंही न्यायालयाने बजावलं. बालसंगोपन योजनेत मुलांसाठी दरमहा १,१०० रुपये मिळत, ते २०२३ मध्ये २,२५० झाले.

पण योजना कागदावर असणं आणि तिच्या खात्यात पैसे येणं, यांत तहसील कचेरीचे किती हेलपाटे असतात ते आपल्याला माहीत आहे. मृत्यूचा दाखला हवा, वारसाचा दाखला हवा, उत्पन्नाचा हवा, रेशनकार्डावर नाव हवं, बँकेचं खातं आधारला जोडलेलं हवं. अर्ज ऑनलाईन. रोजंदारी बुडवून, पोराला शेजारणीकडे ठेवून एसटीने तालुक्याला जायचं आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकून परत यायचं. अशा वेळी सोबत चालणारं माणूस लागतं. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती’ने आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संस्थांनी ती सोबत केली. ‘विधवा’ हा शब्द टाळून त्यांनी ‘एकल महिला’ म्हटलं. शब्द बदलल्याने पोट भरत नाही, खरं आहे. पण बाईला हाक कशी मारतो यावर तिला वागवतो कसं, हेही ठरत असतंच ना!

हेरवाडने दाखवलं

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, ही प्रथा गावात बंद! करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे या प्रथेविरुद्ध बोलत होते, आणि कोरोनात ऐन तारुण्यात एकल झालेल्या मुली गावाच्या डोळ्यांसमोर होत्या. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठरावाने मनं लगेच बदलत नाहीत. हळदीकुंकवाचं बोलावणं देताना आपणच नाही का दारासमोर क्षणभर थबकत? बारशाला ओटी भरायला कुणी पुढे व्हायचं यावरून नजरानजर होते, ती कुणाची? बायकांचीच. सरकारला तहसीलची वाट सोपी करता येईल, पण आपल्या दारातली वाट आपल्यालाच मोकळी करायची आहे. गल्लीतल्या एकल मैत्रिणीला संक्रांतीला पहिलं बोलावणं द्यायला कुठल्या शासननिर्णयाची गरज नाही.

संकट सांगून येत नाही

मैत्रिणींनो, पुढची साथ कधी येईल, युद्धाचा वणवा कुठे पेटेल, ते आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी आहेत. ‘असं अभद्र काय बोलायचं’ म्हणून आपण त्या टाळतो. घरातलं माणूस धडधाकट असताना, चहा पिता पिता हा विषय काढला तर तो जड जात नाही. दाराला तोरण लावतो तसंच हेही घरासाठीच आहे.

• बँकेची पासबुकं, विम्याची पॉलिसी, कर्जाचे कागद, आधार, रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा. पिशवी कुठे आहे ते दोघांना आणि मोठ्या मुलाला किंवा मुलीला माहीत असू द्या.

• बँक खातं, ठेव, विमा, सगळीकडे नॉमिनी लावला आहे का, बघा. मात्र एक लक्षात ठेवा. साधारणपणे नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, हक्क वारसांचा राहतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि मृताची आई हे पहिल्या वर्गातले वारस आहेत.

• गावठाणातल्या घराला पती-पत्नी दोघांची नावं लावण्याचा शासननिर्णय २००३ पासून आहे. ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घराचा उतारा काढून पाहा.

• सातबाऱ्यावर पत्नीचं नाव यावं म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम केली होती. पुढे सरकारनेही ती योजना स्वीकारली. आपल्या तलाठ्याकडे तिची चौकशी करा.

• माणूस गेल्यावर वारसनोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायला हवं. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजारणीने आठवण करून द्यावी.

• खात्यातून प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता कापला जातो का, ते पासबुकात बघा. पूर्वी वर्षाला ३३० रुपये होता, जून २०२२ पासून ४३६ झाला. मृत्यूनंतर दोन लाख मिळतात. पण आपल्याकडे असा विमा होता हेच घरात कुणाला माहीत नसेल तर मागणार कोण?

• मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढून ठेवा. प्रत्येक खिडकीवर एक लागते.

• स्वतःच्या नावाचं एक चालू खातं आणि एटीएम कार्ड असू द्या, आणि ते स्वतः वापरा. बचत गटातली बाई बँकेत जायला घाबरत नाही, हे आपण पाहतोच.

१९१८ च्या बायकांच्या हाती काहीच नव्हतं. कायदा नव्हता, खातं नव्हतं, अक्षरही नव्हतं. आपल्याकडे आज हे सगळं आहे. तरीही २०२१ मध्ये कितीतरी जणींना स्वतःच्या घराचा हिशेब परक्यांच्या तोंडून ऐकावा लागला. ही वेळ आपल्या मुलींवर यायला नको असेल, तर या रविवारी ती पिशवी काढा आणि कागद बाहेर मांडून बसा. ‘ह्यांना’ही शेजारी बसवा.