औषधाविना उवा काढण्याचा घरगुती व्यवसाय

आपल्याकडे दुपारी ओट्यावर बसून आई, खाला किंवा शेजारीण जे काम फुकट करून देते, त्याच कामाचे अमेरिकेत एका डोक्यामागे साधारण १०० ते २०० डॉलर घेतले जातात. रुपयांत सांगायचे तर आठ हजारांच्या वर. काम म्हणजे डोक्यातील उवा आणि लिखा काढणे. तेथे त्यासाठी रीतसर दुकाने आहेत, वेळ ठरवून गिऱ्हाईक येते, घरोघरी जाऊन काम करणाऱ्या बायाही आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सनातनी ज्यू कुटुंबांतील स्त्रियांनी हा धंदा आपापल्या घरात चालवला आणि त्यावर नाव कमावले. घरबसल्या चार पैसे मिळवू पाहणाऱ्या आमच्या भगिनींनी या व्यवसायाची माहिती करून घ्यावी, म्हणून हा लेखप्रपंच.

हा धंदा निघाला तो दोन कारणांनी. पहिले म्हणजे औषध चालेनासे झाले. परमेथ्रिन हे उवांवरचे जगभर वापरले जाणारे औषध. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेच्या ४८ राज्यांतील १३८ ठिकाणच्या उवा तपासल्या गेल्या. त्यांपैकी १३२ ठिकाणी तपासलेल्या सर्वच उवांत या औषधाला दाद न देणारा आनुवंशिक गुण आढळला. दुसरे कारण शाळांचे. तेथील पुष्कळ शाळांचा नियम असा की, डोक्यात एक लीख जरी दिसली तरी मुलाने घरी जावे आणि डोके साफ झाल्यावरच यावे. औषधाने ऊ मेली तरी लिखेचे टरफल केसाला चिकटूनच राहते. ते एकेक करून ओढून काढावे लागते. नोकरी करणाऱ्या आईबापांना ते जमेना, तेव्हा पैसे देऊन माणूस बोलावणे आले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ साली आणि पुन्हा २०२२ साली, उवांपायी मुलाची शाळा बुडवू नये असे सांगितले, तरी पालकांची घाई काही कमी होत नाही.

आता कामाकडे वळू. ऊ उडत नाही की उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले म्हणजे ती एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. स्वच्छ डोक्यातही ती तितक्याच आनंदाने नांदते, त्यामुळे उवा झाल्या म्हणजे घर गलिच्छ, हा समज सोडून द्यावा. मादी रोज सुमारे आठ अंडी घालते आणि ती टाळूलगत केसाला चिकटवते. सात ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर पडते आणि त्यापुढे साधारण नऊ ते बारा दिवसांनी ते स्वतः अंडी घालण्याजोगे होते. सगळा धंदा या हिशेबावर उभा आहे. आज सर्व उवा काढल्या तरी सुटलेली लीख पुढच्या आठवड्यात फुटणार. म्हणून पिल्लू मोठे होण्याआधी त्याला गाठावे लागते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने याचे वेळापत्रकच दिले आहे : पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस विंचरण्याचा, सतराव्या दिवशी घरातील सर्वांची तपासणी.

विंचरायचे ते ओल्या केसांवर, भरपूर कंडिशनर लावून. त्याने फणी सरकते आणि उवांना पळता येत नाही. केसांच्या बारीक बटा करायच्या, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कापडावर पुसून काय निघाले ते पाहायचे. लीख जेमतेम पाऊण मिलिमीटर लांब आणि ०.३ मिलिमीटर रुंद असते. तेव्हा फणीच्या दातांमधील फट त्याहून कमी हवी. बाजारातील प्लास्टिकच्या फण्यांचे दात ओढताना फाकतात. लांब, ताठ, पोलादी दातांची फणी घ्यावी. ती महाग पडते, पण वर्षानुवर्षे टिकते.

या पद्धतीने खरोखर गुण येतो काय? ब्रिटनमध्ये याची दोनदा परीक्षा झाली. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात फणीने १०० पैकी ३८ मुले बरी झाली, तर मॅलाथिऑन या औषधाने ७८. २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात उलटे घडले. फणीने ५७, आणि दुकानातून घेतलेल्या औषधांनी फक्त १३. दोन्ही वेळा विंचरणारे घरचेच लोक होते आणि दोन्ही वेळा पुष्कळ डोकी साफ झाली नाहीत. कंटाळा येतो, एक दिवस चुकतो, लहानीचे डोके विंचरले जाते आणि मोठीचे राहून जाते. चारही फेऱ्या न चुकता पार पाडणारा हात ज्याच्याकडे आहे, त्याला गिऱ्हाईक पैसे देते. आमच्या मते येथे विकला जाणारा माल वेळ हाच आहे.

गरम हवेच्या मशीनविषयी थोडेसे. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाचे डेल क्लेटन पक्ष्यांच्या अंगावरील उवांचा अभ्यास करीत. कोरड्या हवेच्या यूटात आल्यावर त्या उवा प्रयोगशाळेत जगेनात, त्यावरून त्यांना वाळवून मारण्याची कल्पना सुचली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या यंत्राने अर्ध्या तासात सुमारे ९८ टक्के लिखा आणि ८० टक्के उवा मेल्या. यंत्र चांगले, पण आपल्या मोहल्ल्यातील धंद्याला ते परवडणारे नाही. ते पाहून घरातल्या हेअर ड्रायरने प्रयोग मात्र कोणी करू नये, टाळू भाजेल.

आपल्याकडे बाजार आहे तो बाटलीचा. मेडिकरसारखा ब्रँड १९९९ साली मॅरिको कंपनीने प्रॉक्टर अँड गॅम्बलकडून विकत घेतला, यावरून मागणीचा अंदाज यावा. बाटली न परवडणाऱ्या किंवा तिला कंटाळलेल्या घरांत अजून दोन घातक उपाय चालतात. एक रॉकेल. रॉकेल लावलेले डोके घेऊन मुलगी चुलीजवळ गेली तर काय होईल हे सांगायला नको. दुसरा सीताफळाच्या बियांची पूड. ती झाडाची, म्हणून निर्धोक, असे समजतात. ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते, अशा रुग्णांची नोंद आपल्याच देशातील नेत्रतज्ज्ञांनी केली आहे. 'रसायनमुक्त' या शब्दाचाही मोह आवरावा. कंडिशनर म्हणजेसुद्धा रसायनच. 'उवा मारण्याचे विष वापरत नाही' एवढे सांगितले तरी खरे आणि पुरेसे होते.

आता जमाखर्च. दोन पोलादी फण्या, कंडिशनर, पांढरे कापड, क्लिपा, टॉवेल आणि चांगला दिवा एवढेच भांडवल. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर फणी कडक गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवावी. लांब केसांची पहिली बैठक दीड तास घेते, पुढच्या तीन अर्ध्या अर्ध्या तासाच्या. म्हणजे एका डोक्याला तीन तास. आई आणि तीन मुली धरल्या तर बारा तास झाले. समजा तासाचा दर १०० रुपये ठेवला, तर त्या घराचे १,२०० रुपये होतात. पुष्कळ बाया पहिल्या बैठकीचाच दर सांगतात आणि पुढचे तीन फेरे पदरचे घालतात. तसे करू नये. शिवणकामात किंवा बिडीच्या कामात तासाला जे सुटते त्याहून कमी सुटत असेल, तर या धंद्यात पडण्याचे कारण नाही. एकट्या मुलीचे डोकेही घेऊ नये. बहिणीच्या डोक्यात राहिलेली ऊ चार दिवसांत परत येते आणि नाव आपले खराब होते.

हे काम स्त्रियांनी स्त्रियांचे व मुलांचे करायचे आहे. केस मोकळे सोडून बसायचे, तेव्हा पडद्याची खोली हवी, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी जावे. वस्तीतील कोणाच्या मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या, ही बातमी आपल्या तोंडून बाहेर पडता कामा नये. एका घराची गोष्ट दुसऱ्या घरी बोललेल्या बाईला तिसरे घर बोलावत नाही. मुलींच्या वसतिगृहांत वर्षभराचे काम मिळू शकते, तेथे महिन्याची तपासणी ठरवून घ्यावी. घरभर फवारणी करायला सांगून खर्च वाढवू नये, कारण डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि ओढण्या गरम पाण्यात धुतल्या म्हणजे झाले. टाळूवर जखमा, पू किंवा मानेत गाठी दिसल्या तर फणी बाजूला ठेवून डॉक्टरकडे पाठवावे.

'एका बैठकीत खात्री' असा बोर्ड कोणी लावू नये. वरचा हिशेब पाहता ती खात्री कोणालाच देता येत नाही. त्याऐवजी पहिल्याच दिवशी एका कार्डावर चारही तारखा आणि एकूण रक्कम लिहून द्यावी. सतराव्या दिवसाची तपासणी त्याच रकमेत धरावी. त्या दिवशी जिवंत ऊ निघाली तर पुढचा फेरा कोणाच्या खर्चाने, हेही त्याच कार्डावर असावे.