विमान उतरता उतरता पुन्हा वर का जाते?

पावसाळ्यात ठाण्याच्या मानपाड्यातून पाहिले तर कधी कधी येऊरचा डोंगरही ढगांत दिसेनासा होतो. अशा दिवशी मुंबईला उतरणारी विमाने बहुधा ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपरवरून येतात, कारण उतरताना वारा समोरून असावा लागतो. एखादे विमान मात्र धावपट्टीजवळ येऊन पुन्हा झेपावते. प्रवाशांच्या पोटात गोळा येतो. वैमानिक याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. ती फजिती नव्हे, आधीच ठरवून ठेवलेली सुरक्षित वाट आहे.

उपकरणांच्या साहाय्याने उतरताना निर्णयाची उंची सामान्यतः २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर असते. तेथून धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान वर न्यायचेच. समजा, विमान ३ अंशांच्या उतारावरून सेकंदाला ७० मीटर वेगाने येत आहे. त्याची उंची सेकंदाला साधारण ३.७ मीटरने घटते. म्हणजे हाती उरतात अवघी १६ सेकंदे!

एवढ्या वेळात नवी वाट शोधणे कठीण. म्हणून ती उड्डाण-व्यवस्थापन संगणकात आधीच असते. वैमानिक धावपट्टी व उतरण्याची पद्धत निवडतो, तेव्हाच उतरणे न जमल्यास कोणत्या मार्गाने, किती उंचीवर जायचे हेही त्यात येते. ही माहिती दर २८ दिवसांनी अद्ययावत करतात.

बोइंग विमानात वैमानिक ‘टोगा’ बटण दाबतो. एअरबसमध्ये इंजिनांच्या दांड्या पुढे ढकलतो. इंजिनांचा जोर वाढतो, नाक किती उचलायचे ते पडद्यावर दिसते आणि साठवलेली वाट समोर येते. पंखांचे फ्लॅप्स एक टप्पा आत घेणे आणि विमान खरोखर चढू लागल्यावर चाके वर घेणे, ही कामे मात्र वैमानिकांचीच.

आणि यंत्राने आज्ञा मानलीच नाही तर? ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेल्या एमिरेट्सच्या बोइंग ७७७ विमानाची चाके धावपट्टीला टेकली होती. त्यानंतर वैमानिकाने टोगा बटण दाबले. जमिनीवर असताना चुकून जोर वाढू नये, म्हणून चाके टेकल्यावर ते बटण निष्क्रिय होते. जोर वाढला नाही आणि ते वेळीच कोणाच्या लक्षात आले नाही. विमान सुमारे ८५ फूट चढून खाली आदळले. आतील सर्व ३०० जण वाचले. अग्निशमन दलाचा एक जवान मात्र मृत्युमुखी पडला. दांड्या हाताने पुढे ढकलल्या गेल्या, पण आदळण्याच्या केवळ तीन सेकंद आधी.

लिफ्टचे दार उघडे असेल तर बटण दाबूनही लिफ्ट हलत नाही. तेथेही यंत्र बिघडलेले नसते. ते आपली अट पाळत असते. विद्यार्थ्यांना अशी आणखी यंत्रे शोधायला सांगावीत. प्रत्येक यंत्राबाबत दोन प्रश्न विचारावेत: ही अट कशासाठी घातली आहे? आणि बटण दाबल्यावर काम खरोखर झाले, हे आपण कशावरून ओळखतो?